वीस इंच, तेरा दाते

एटीव्हीचा, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालवायच्या चारचाकी मोटरसायकलसारख्या गाडीचा, मागचा टायर बदलला की गाडीची गरारीही बदलल्यासारखीच होते. हे डोक्यात न ठेवता केलेली खरेदी हमखास फसते. चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाला, म्हणजे स्प्रॉकेटला, इंदूरकडे मिस्त्रीपासून दुकानदारापर्यंत सगळे गरारीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

आमच्या हातातली गाडी ४०० सीसीची स्पोर्ट एटीव्ही आहे. पाच गिअर, हाताचा क्लच, मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर आणि त्याला चेन. कंपनीतून आलेले टायर पुढे २२×७-१० आणि मागे २०×१०-९. पुढची गरारी १४ दात्यांची, मागची ४०, चेन ५२० मापाची. चालवायची जागा दोन प्रकारची. पावसाळ्यात देवासच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेतांलगतची काळी माती, आणि एरवी इंदूरजवळच्या चोरल-मानपूरकडचा मुरूम, त्यात बसाल्टचे धारदार खडे. रस्त्यावर ही गाडी काढायचीच नाही, पिकअपमध्ये चढवून न्यायची. डांबर हिशेबातून गेलं की टायरची निवड निम्मी सोपी होते.

आधी माप. २०×१०-९ म्हणजे बाहेरून उंची २० इंच, रुंदी १० इंच आणि रिम ९ इंची. पहिल्या वेळी आम्ही मागे २२×११-९ घेतला. विचार सरळ होता. उंची दोन इंचांनी वाढली की एक्सल एक इंच वर जाईल आणि खाली लोंबणारी मागची गरारी दगडांपासून सुटेल. एक्सल वर गेलाच, पण गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये मेली. मुरमाच्या चढावर तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात इंजिन किंचाळायचं, आणि चालवणारा प्रत्येक वळणानंतर अर्धा क्लच दाबून धरायचा. तासाभरात क्लच प्लेटचा जळका वास आला.

हिशेब मांडल्यावर कारण लगेच दिसलं. ४० भागिले १४ म्हणजे २.८६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पुढची गरारी इतक्या वेळा फिरते. चाकाचा घेर दहा टक्के वाढला की हे प्रमाण प्रत्यक्षात २.६ वर येतं. जुन्या टायरवर मागची ४० ची गरारी काढून ३६ ची लावली असती तर जे झालं असतं, तेच आपण पैसे मोजून करून घेतलेलं असतं. शिवाय टायरवर छापलेलं माप आणि जमिनीवरचं माप कधीच सारखं नसतं, म्हणून ते मोजायचं. पद्धत साधी आहे. टायरमध्ये नेहमीची हवा भरा, गाडीवर माणूस बसवा, टायरवर आणि खाली फरशीवर खडूने खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने घ्या. आमच्याकडे नव्या २० इंचीचा फेरा १५२ सेंटिमीटर भरला आणि नव्या २२ इंचीचा १६७. पण काढून टाकलेल्या झिजलेल्या २० इंचीचा फक्त १४७ होता. टायरवरचे गोटे, म्हणजे नक्षीचे उंचवटे, ८ मिलिमीटर झिजले की घेर पाच सेंटिमीटरने घटतो. म्हणजे आपल्याला सवय १४७ ची आणि नवा टायर १६७ चा. फरक दहा टक्क्यांचा नव्हे, साडेतेरा टक्क्यांचा जाणवतो. नवे टायर घातले आणि गाडी बसली अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं. इंजिन ठीक असतं.

वजनाचाही फटका बसतो, आणि तो घेरापेक्षा लपून बसतो. हुकच्या वजनकाट्याला टांगून पाहिलं तर जुना २० इंची टायर ८ किलोच्या आसपास आणि नवा २२×११ सहा-प्लायचा (प्लाय म्हणजे टायरच्या आतला दोऱ्यांचा थर) ११ किलोच्या वर. हे तीन किलो चाकाच्या परिघाशी फिरतात. थांबून पुन्हा वेग घेताना आणि ब्रेक मारताना इंजिनाला आणि ब्रेकला ते दर वेळी नव्याने ओढावे लागतात. मागचा टायर उंच झाल्याने गाडीचं तोंड खाली गेलं आणि हँडल चंचल झालं, ते वेगळंच. पुढचे टायर तेच ठेवून फक्त मागचे उंच करणाऱ्याला हे भोगावंच लागतं.

त्यावर उपाय होता. पुढची गरारी १४ ऐवजी १३ केली की प्रमाण ३.०८ होतं आणि २२ इंची टायरवर ते २.८ पडतं. म्हणजे मूळच्या जवळजवळ तिथेच. ज्यांना खरोखर एक इंच उंची हवी आहे, दगडाच्या नाल्यांतूनच फिरायचं आहे, त्यांनी २२ इंची टायर आणि १३ ची गरारी एकाच दिवशी घ्यावी. नुसता टायर घेऊ नये. आम्ही मात्र २२ इंची काढून पुन्हा २० वर आलो, आणि तेरा दाते तसेच ठेवले. त्याला कारण काळी माती.

माळव्याची काळी माती ओली झाली की तिचं वागणं चिखलासारखं नसतं. चिखल उडतो, ही चिकटते. टायरच्या दोन गोट्यांमधल्या जागेत ती दाबली जाते. पहिल्या शंभर मीटरमध्ये खाचा भरतात, पुढच्या शंभरात वरून आणखी एक थर चढतो, आणि मग टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. घरी आल्यावर ही माती वाळू दिली आणि पेचकसाने एक खाच मोकळी केली, तर आतून विटेसारखा कडक, गोट्यांच्या बाजूंचा अचूक ठसा घेतलेला तुकडा निघतो. अशी माती टायर स्वतःहून फेकू शकतो, पण दोन अटींवर. खाचा रुंद हव्यात आणि चाकाला वेग हवा. वेगाने फिरणारं चाकच माती बाहेर भिरकावतं. गिअरिंग उंच, म्हणजे वरचं प्रमाण लहान, असेल तर त्या चिकट ओढीत इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये अडकतं, चाक सावकाश फिरतं, माती बसत जाते. गिअरिंग एक दाता खाली आणलं की तीच जागा तिसऱ्यात, चाकाला जास्त वेग देऊन पार होते. काळ्या मातीत टायरची पकड गरारीवर अशी अवलंबून असते, आणि म्हणूनच दोन्ही खरेद्या वेगळ्या करू नयेत असं आम्ही आग्रहाने सांगतो.

नक्षी निवडताना म्हणून दोन गोट्यांमधलं अंतर बोटाने मोजावं. मागच्या टायरच्या मधल्या पट्ट्यात दोन आडव्या रांगांमध्ये दोन बोटं आडवी सहज बसली पाहिजेत. मुरमासाठी बनवलेल्या दाट गोट्यांच्या टायरमध्ये एकच बोट जातं. तो सुक्या जमिनीवर सुंदर चालतो, बाजूला घसरतानाही अंदाज देतो, पण जुलैत निरुपयोगी होतो. उलट खूप उंच, खूप विरळ गोट्यांचा चिखलाचा टायर खडीवर दोन मोसमांत कडा गमावतो. आम्ही मधला घेतला. गोटे मध्यम उंचीचे, अंतर मोकळं, कडेचे गोटे एकसंध आणि जाड.

प्लायच्या बाबतीत इथल्या जमिनीने आमच्यासाठी निर्णय घेतला. दोन प्लायचा टायर हलका आणि मऊ, त्यावर गाडी छान बसते. पण ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं की शेतात राहतात ते हार्वेस्टरने तिरपे कापलेले खुंट. वाळले की ते खिळ्यासारखे उभे असतात. ट्रॅक्टरचे टायर त्यांनी फाटतात, तिथे एटीव्हीचा मऊ टायर काय टिकणार? बाभळीचे काटे वेगळे. म्हणून सहा-प्लाय रेटिंगचा घेतला. टायरवर ६पीआर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आत सहा थर मोजून असतात असा नव्हे, ताकद तेवढी आहे असा. २० इंचीत सहा-प्लाय घेतला तरी २२ इंचीपेक्षा तो हलकाच पडतो.

घेताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे हे टायर कमी खपतात, गोदामात वर्षानुवर्षं पडून राहतात. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल तर गोट्यांच्या मुळाशी नखाने वाकवून भेगा पाहाव्यात आणि सरळ परत करावा. दुसरं, रिमसकट चाक मिळत असेल तर बोल्टचं वर्तुळ मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यामाहा रॅप्टर ७०० च्या मागच्या चाकाला चार बोल्ट ११५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, होंडाच्या स्पोर्ट गाड्यांना ११० च्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. तिसरं, पिथमपूरला २००७ साली बाहाची, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची, स्पर्धा सुरू झाल्यापासून या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली मुलं असे टायर हाताळत आली आहेत. जुना सेट त्यांच्याकडे विचारून पाहायला हरकत नाही. मात्र त्यांच्या गाड्यांना बहुतेक १० इंची रिम असते आणि आपली मागची ९ ची. १० चा टायर ९ च्या रिमवर बसत नाही.

मागचे दोन टायर एका मापाचे हवेत, आणि इथे नावावर विश्वास ठेवून चालत नाही. सलग एक्सलला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. एका टायरचा घेर दोन सेंटिमीटर जास्त असला तरी गाडी सरळ रेषेत एका बाजूला सरकत राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं की हँडलच वाकडं आहे. दोन्ही टायर रिमवर चढवून सारख्या हवेवर एक रात्र ठेवावेत, सकाळी मधोमध शिंप्याच्या टेपने घेर घ्यावा. फरक एक सेंटिमीटरच्या आत असेल तर चालतं. जास्त असेल तर लहान टायर भिंतीवर लिहिलेल्या मर्यादेत थोड्या जादा हवेवर दोन दिवस उन्हात ठेवावा. तो बऱ्यापैकी ताणतो.

चढवण्याचं काम पंक्चरवाल्याकडे देताना समोर उभं राहावं. एटीव्हीच्या रिमला टायरची कड आत धरून ठेवणारी उंच धार असते, त्यामुळे जुना टायर सुटायला फार जोर लागतो, आणि जोर वाढला की ॲल्युमिनियमची रिम वाकते. जुन्या टायरची कड दाबायला गाडीचा जॅक वापरावा. टायर पिकअपच्या मागच्या भागाखाली ठेवून जॅक टायरच्या भिंतीवर टेकवला की वरचं वजनच काम करतं. नवा चढवताना साबणाचं पाणी भरपूर, आणि बाण फिरण्याच्या दिशेने. कड बसेना तर टायरच्या मधोमध सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा आवळावा. मधला भाग आत दबतो, कडा बाहेर ढकलल्या जातात आणि हवा धरायला लागते. हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या पुढे नेऊ नये. पेट्रोल शिंपडून पेटवण्याची जी युक्ती काही जण दाखवतात, तिच्यापासून लांब राहावं. त्यात हात आणि डोळे गेलेले आहेत.

हवेचा गेज वेगळा घ्यावा लागतो. पेट्रोलपंपावरचा ५ पीएसआय वाचतच नाही. ० ते १५ चा छोटा डायल गेज आणि सायकलचा पंप पुरतो. ओल्या काळ्या मातीत मागे ४, पुढे ४. खडीवर मागे ६, पुढे ५. तीनच्या खाली वळणावर कड रिमवरून निसटते. आणि हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना भरावी. सकाळी २५ अंशांवर भरलेली ५ पीएसआय मे महिन्यात टायर ५५ अंशांवर तापला की जवळपास ७ होते. कारच्या ३२ मध्ये दोनाची वाढ कळत नाही. पाचात दोन म्हणजे टायर दगडासारखा उडायला लागतो.

आता गरारी. गिअरिंग खाली आणायचे दोन मार्ग आहेत, पुढचा एक दाता कमी करा किंवा मागचे तीन वाढवा. १४ चे १३ केल्याने ७.७ टक्के फरक पडतो, ४० चे ४३ केल्याने ७.५. जवळजवळ सारखाच. पण ४३ ची गरारी ४० पेक्षा साडेसात मिलिमीटरने खाली उतरते, आणि ती एक्सलवर सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू आहे. चोरलच्या दगडांत ते साडेसात मिलिमीटर मोलाचे. शिवाय चेन लांब घ्यावी लागते. पुढचा दाता कमी केला तर एक्सल फक्त चार मिलिमीटर मागे सरकवावा लागतो, तीच चेन चालते. बदल्यात पुढच्या गरारीवर चेन जास्त तीव्र वळते आणि स्विंगआर्मवरच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीला थोडी अधिक घासते. तेरापर्यंत हे चालतं. बारावर गेलात तर पट्टी आणि गरारी दोन्ही फार लवकर संपतात, म्हणून बारा नको. १३ दात्यांचा एक लहानसा फायदाही आहे. चेनच्या कड्या नेहमी सम संख्येत असतात. १४ वर प्रत्येक दात्याला कायम एकाच प्रकारची कडी भेटते, आतली किंवा बाहेरची. १३ वर ती आलटून पालटून भेटते आणि झीज सगळ्या दात्यांवर सारखी वाटली जाते.

पुढची गरारी बाजारातल्या मोटरसायकलची बसेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. चेन बसते. केटीएम ३९० ची ५२० चेन सहज मिळते आणि उत्तम चालते, लांबी कापून घ्यायची. गरारी मात्र आतल्या खाचांची संख्या आणि व्यास जुळल्याशिवाय घेऊ नये, आणि सहसा ते जुळत नाहीत. एकदा लेथवर साध्या लोखंडाची करून घेतली होती. मापात अचूक होती, पण वीस तासांच्या आत दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकले आणि नव्या चेनलाही घेऊन गेले. कारण धातूला पाणीच दिलेलं नव्हतं, म्हणजे तापवून कडक केलेलं नव्हतं. मागची गरारी इथे वायर-कट करून ईएन-८ पोलादात, दाते इंडक्शनने कडक करून मिळू शकते आणि टिकते. पुढची बाहेरून मागवावी.

बदलताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. चेन आधी काढतो, आणि मग पुढच्या गरारीचा नट सोडायला गरारी धरून ठेवणारं काहीच उरत नाही. क्रम असा ठेवावा. कव्हर काढून आतली माती आणि ग्रीस खरवडा, लॉक वॉशरची दुमडलेली कड छन्नीने सरळ करा, चेन लावलेली असतानाच कोणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि नट सैल करा. मग एक्सलच्या कॅरिअरचे (एक्सलचं बेअरिंग धरणाऱ्या भागाचे) बोल्ट ढिले करून तो पुढे सरकवा, चेन उतरवा. शाफ्टच्या सीलभोवती तेल ओलं दिसलं तर आत्ताच सील बदला. दहा मिनिटांचं काम नंतर दीड तासाचं होतं. नवी गरारी जुनीच्याच बाजूने बसवा, उलटी बसली तर चेनची रेघ चुकते. लॉक वॉशर नवा.

चेन जुनी ठेवायची की नाही, हे व्हर्निअरवर ठरवावं. चेन ताणून वीस कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. नवीन ५२० मध्ये ते ३१७.५ मिलिमीटर असतं. ३२१ च्या जवळ गेलं असेल तर ती चेन नव्या गरारीवर चढवू नका. चेन लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला. ढिलाई ठरवताना गाडी रिकामी ठेवून मोजण्यात फसगत होते. स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्या खिळीवर हलतो ती जागा), पुढची गरारी आणि एक्सल एका ओळीत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. दोन माणसं मागे बसवून गाडी त्या जागी आणा आणि तिथे चेन बोटाने थोडीतरी हलते याची खात्री करा. माणसं उतरल्यावर जेवढी ढिलाई दिसते तेवढीच आपल्या गाडीची खरी ढिलाई. आमच्याकडे ती ३५ मिलिमीटर येते. काळ्या मातीत जाणार असलो तर ४०, कारण गरारीत माती भरली की चेन आपोआप ताठ होते आणि ताठ चेन शाफ्टचं बेअरिंग खाते.

हे सगळं बसवल्यावर २०० मीटरच्या एकाच मुरमाच्या चढावर सगळे जोड चालवून पाहिले, चालवणारा तोच, हवा तीच. २२ इंची आणि १४/४० वर वरपर्यंत दुसरा गिअर. २२ इंची आणि १३/४० वर तिसरा, पण मधल्या वळणानंतर क्लच लागला. २० इंची आणि १४/४० वर तिसरा, काठावर. २० इंची आणि १३/४० वर तिसरा सहज, वळणातही क्लचला हात न लावता. सपाट जागेत वरचा वेग अर्थातच कमी झाला, पण बांधावर आणि घाटात पाचवा गिअर पूर्ण खेचायला जागाच कुठे असते? पहिला गिअर मात्र जवळजवळ बिनकामाचा झाला, सुक्या मुरमावर गाडी दुसऱ्यातच उचलतो.

दोन्ही गरारी आम्ही जवळ ठेवतो. चेन १४ वर बसवताना कॅरिअरमागे चार-पाच मिलिमीटर सरकायला जागा राहील अशी कापली आहे, त्यामुळे तीच दोन्हींवर चालते. जूनच्या पहिल्या पावसाआधी १३, गहू निघाल्यावर घाटात जाताना १४. प्रत्येक बदलानंतर एक तास चालवून चाकांचे नट, एक्सलचे मोठे नट आणि मागच्या गरारीचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासतो, आणि कव्हरच्या आत पेनने तारीख आणि दाते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी उघडण्याआधीच कळतं की आत कोणती आहे.